सात पायऱ्या, एक शिफ्ट

गेल्या मंगळवारी दुपारी नरोलीच्या एका कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. गुजराती-हिंदीची मिसळ, आवाजात नुसता आनंद... "मॅडम, साते स्टेप पती गया! एक ही शिफ्ट में. आपका काम खतम!"

मी जेवत होते. घास तसाच राहिला हातात. सातही पायऱ्या संपल्या? मी तर त्या चांगल्या दोन-अडीच महिन्यांसाठी लिहिल्या होत्या!

थांबा, नीट सांगते. मी मूळची गुहागरची, सिल्वासात टोकरखाड्याला समुपदेशनाचं काम करते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारून लिहितेय, नाव बदललंय.

प्रकाशभाऊ शिरपूरकडचे. नरोलीत भाड्याच्या खोलीत राहतात, मुलगी इथेच तिसरीत आहे. प्लास्टिकच्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर असताना त्यांचा हात अडकला. हात वाचला, जखम भरली, डॉक्टरांनी फिट लिहून दिलं... पण मशीन सुरू झालं की दरदरून घाम फुटायचा आणि पाय जागचे हलायचे नाहीत. दिवाळीपर्यंत मशीनवर आला नाहीस तर काम गेलं, असं त्यांना सांगून झालं होतं.

लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे दोन शब्द समजुतीचे. अहो, शब्दांनी जायची तर ती भीती त्यांच्या बायकोनेच घालवली असती! कुणाचं लहानपण उकलावं लागतं, कुणाचे विचार कागदावर मांडून तपासावे लागतात, कुणाचं नुसतं ऐकावं लागतं. अशा भीतीला मात्र थोडं थोडं सामोरं जावं लागतं.

म्हणून आम्ही कागदावर सात पायऱ्यांची शिडी केली. आधी मोबाइलवर मशीनचा फोटो बघायचा, मग आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकायचं, मग सुट्टीच्या दिवशी बंद मशीनपाशी जायचं... असं करत शेवटी चालू मशीनवर दहा मिनिटं काम. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं, आणि वर कधी चढायचं ते प्रकाशभाऊंनीच ठरवायचं. तीन आठवड्यांत दोन पायऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या वेळी तर रेकॉर्डिंग ऐकता ऐकता ते चहा प्यायले होते हो!

तिसरीसाठी कारखान्यात जायला हवं होतं. म्हणून प्रकाशभाऊंना विचारून त्या कागदाची एक प्रत सुपरवायझरला दिली.

आणि या महाशयांनी काय करावं? सकाळच्या शिफ्टला कागद क्लिपबोर्डला लावला आणि एकापाठोपाठ एक टिक मारत सुटले. शेवटच्या पायरीला दोन माणसांनी प्रकाशभाऊंचे खांदे धरून ठेवले होते... पळून जाऊ नयेत म्हणून!

मी फोनवर ओरडले. समुपदेशकाने शांत राहायचं असतं, श्वास मोजायचे असतात वगैरे सगळं मला येतं, रोज लोकांना शिकवते. त्या क्षणी एकही श्वास मोजला नाही. त्या माणसाला मात्र खरंच कळेना. टार्गेट लवकर पूर्ण झालं तर मॅडम चिडतात कशाला?

मग त्याने पुरावा म्हणून कागदाचा फोटो पाठवला. सात चौकटी, सात टिक, प्रत्येक टिकपुढे त्याची सही. तो बघितला आणि मला माझाच भयंकर राग आला.

कारण तो कागद मीच तसा केला होता. नंबर घातलेल्या पायऱ्या, पुढे चौकट, वर 'पूर्ण' असं लिहिलेलं. किती वेळ थांबायचं, कुणी ठरवायचं, याचा एक शब्द नाही... ते सगळं मी तोंडी सांगितलं होतं, तेही फक्त प्रकाशभाऊंना. कारखान्यात रिकामी चौकट कोणी रिकामी ठेवतं का?

गुरुवारी ठरलेल्या वेळी प्रकाशभाऊ आलेच नाहीत. फोन बायकोने उचलला. शेजारी मिक्सर लागला तरी उठून बाहेर जाऊन बसतात म्हणाली, आणि गावी परत जायचं म्हणतात. मी निरोप दिला, चूक माझी आहे, एकदा येऊन जा.

शनिवारी आले. दाराजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला बसले. मी सरळ माफी मागितली. इतके दिवस हा माणूस अपघाताबद्दल एकच वाक्य बोलायचा, "माझंच ध्यान नव्हतं." त्या दिवशी मात्र आवाज चढला. "ताई, मी नको म्हनत व्हतो. चार वेळा म्हटलं. कोनी ऐकलं नाही!"

माझं डोकं पुन्हा फिरलं. मी फोन उचलला, त्या सुपरवायझरला आत्ताच्या आत्ता झापते म्हटलं.

"तुम्ही नका बोलू. मी बोलतो," म्हणाले. मग कोरा कागद मागितला आणि त्यावर एकच ओळ लिहिली... साहेबाले नाही म्हनायचं.

मग आम्ही त्याचीच तालीम केली. मी सुपरवायझर झाले. तीन-चार वेळा झाली असेल. मी इतकी मन लावून खेकसत होते की शेजारच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट डोकावून गेली.

आज सकाळी प्रकाशभाऊंचा फोन आला. "बोललो ताई. तिसरीपासून परत सुरू, आनि मी सांगेन तवाच."

साहेब काय म्हणाले, विचारलं. क्लिपबोर्डवरचा टिक मारलेला कागद काढून यांच्या हातात दिला म्हणे.

दिवाळीपर्यंत ते मशीनवर उभे राहतील की नाही, मला खरंच माहीत नाही. सुपरवायझरवरचा राग अजून आहे, स्वतःवरचाही आहे. पण मी सात पायऱ्या लिहिल्या आणि 'नाही' म्हणायची पायरीच लिहायची राहिली होती. ती तुम्ही लिहिलीत आणि एकट्याने चढलात... आभारी आहे, प्रकाशभाऊ.