पट्टीखालची रांगोळी

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाडीत रांगोळी काढत. गाडीपुढे नव्हे, गाडीच्या आत. धोतराचा सोगा कमरेला खोचायचा, कुरकुरणारे गुडघे टेकायचे आणि चिमटीतून ठिपके सोडत बसायचं. लग्न ठरवायला आम्ही साताऱ्याहून कुंभकोणमला आलो, तेव्हा हेच दृश्य आधी दिसलं. माझी आत्या कानात कुजबुजली, "अगं, मग या घरातल्या बायका काय करतात?" सासूबाई त्याआधीच वारल्या होत्या आणि रांगोळीचा वसा मामंजींनी उचलला होता, हे मला मागाहून कळलं.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. चेन्नईच्या सिनेमावाल्यांनी वापरून सोडलेली. आत पलंग, शेगडी, न्हाणी. बटण दाबलं की एका बाजूची भिंत पलंगासकट बाहेर सरकायची आणि गाडीला आणखी एक खोली फुटायची. नवग्रहांच्या देवळांना येणाऱ्या, लॉजचे जिने न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांना मामंजी ती भाड्याने देत. पाहुण्यांना खोली सरकताना पाहून हसू फुटायचं आणि मामंजींचे मात्र डोळे जमिनीवर. कारण त्या खोलीची आतली कड छोट्या रोलरांवर चालायची आणि ते रोलर थेट गाडीच्या जमिनीवरून धावायचे. वर नुसतं रेक्झिनसारखं आवरण, खाली प्लायवूड. एकदा का चरा पडला, की पाणी मुरणार, लाकूड फुगणार आणि खोली मध्येच अडकून बसणार.

"मनुष्याचे गुडघे आणि गाडीचा तळ," मामंजी म्हणत, "गेले म्हटलेतर परत येत नाहींत."

आमच्या घरातलं मराठी असं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे आलेल्यांचं, जुन्या वळणाचं आणि तमिळचं बोट धरून चालणारं. मला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर लळा लागला. या भाषेचा एक उपयोगही होता. शेजारीपाजारी सगळे तमिळ बोलणारे, त्यामुळे घरातलं रागावणं घरातच राहायचं. माझ्या नवऱ्याला मामंजींनी भर गल्लीत मराठीतून कितीदा फैलावर घेतलं असेल, पण समोरच्या मामी समजायच्या, बापलेकांचं काही गोड चाललंय.

तर जमिनीसाठी मामंजींनी कडक प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या. खोली उघडण्याआधी रोलरांच्या वाटेवर त्या अंथरायच्या, बंद झाली की उचलायच्या. हे काम कदिरवेलचं. कदिरवेल आमचा ड्रायव्हर, जवळच्या इन्नंबूर गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. पाहुण्या आजीला पायरी उतरताना हात द्यायचा तो असा, की आपल्याला हात दिलाय हे तिला कळूही नये. मामंजी त्याच्यावर खूश होते. "पट्टीशिवाय बटण नाही," एवढंच त्याला बजावत.

रांगोळी पूर्वी तांदळाच्या पिठाची असे. ते पीठ मुंग्यांनी खावं, हेच त्यातलं पुण्य. पण मुंग्या पीठ संपवून पाहुण्यांच्या पलंगावर चढू लागल्या, तेव्हा पुण्य आवरतं घ्यावं लागलं. दगडाची पूड इथेही मिळते. मामंजींनी मात्र मला सांगितलं, "अम्मा, माहेरीं जातीस तर तिकडची रांगोळी घेऊन ये. मूळ गांवची." इथे सुनेलाही अम्माच म्हणतात. मी साताऱ्याहून पिशवी भरून आणली. ती पांढरीशुभ्र, चरचरीत पूड त्यांनी बोटांत घोळवली आणि डोळ्यांना लावली. साताऱ्याच्या बाजारात कुणीही ढुंकून पाहणार नाही अशी ती वस्तू! मला भरून आलं. मग मी प्रत्येक खेपेला आणत गेले.

काही महिन्यांनी जमिनीवर चरे दिसले. रोलरांच्या वाटेवर, बरोबर पट्ट्यांच्या जागी.

सकाळची वेळ होती. बायका आपापल्या दारात कोलम, म्हणजे इथली पिठाची रांगोळी, घालत होत्या. मामंजी गाडीतून उतरले ते लाल होऊन. आणि त्या दिवशी ते तमिळमध्ये ओरडले. "पट्टी न घालता खोली उघडतोस! माझ्या पाठीमागे! मी विश्वासाने किल्ली दिली आणि तू माझं घर पोखरलंस!" सगळी गल्ली थांबली. कदिरवेल मान खाली घालून उभा राहिला. "नाही" एवढंसुद्धा म्हणाला नाही. मामंजींना त्या गप्प राहण्यात कबुली दिसली आणि त्यांचा आवाज आणखी चढला. मी दारात उभी होते. मी मराठीत म्हटलं, "मामंजी, आत या ना." ते आले नाहीत. कदिरवेलने किल्ली ओट्यावर ठेवली आणि चालू लागला. मग बातमी पसरली, की रावांच्या, म्हणजे आमच्या, ड्रायव्हरने गाडी खराब केली. बाकीच्या गाडीवाल्यांनीही त्याला उभं केलं नाही.

त्यानंतर पट्ट्या मामंजी स्वतः अंथरू लागले. गाडी माझा नवरा चालवायचा, पण पट्ट्यांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. तरी चरे लांबतच होते. मामंजी रोलर तपासत, तेल देत, देवाला बोल लावत. एकदा तिरुनीलक्कुडीच्या देवळाची फेरी करून ते परत आले आणि हातातली पट्टी त्यांनी माझ्यापुढे उलटी धरली. तिची खालची बाजू पांढुरकी झाली होती. त्यांनी अंगठा फिरवला. चर्र आवाज आला.

रांगोळी! सकाळी काढलेली रांगोळी गाडीच्या हिसक्यांनी कडेला जाई, संध्याकाळी तिच्यावरच पट्टी पडे आणि वरून रोलर फिरत. जमीन राखायला घातलेली पट्टीच दगडाची पूड जमिनीत दाबत होती.

"पूड मी आणली होती, मामंजी," मी म्हणाले.

"मागटलों मी. काढलों मी. ओरडलों मी." ते तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी त्यांनी पान वाढू दिलं नाही. इतका शरमलेला माणूस मी पाहिला नव्हता. आरशासमोरून जातानाही ते मान वळवत.

नवरा म्हणाला, फोन करू या. मामंजी म्हणाले, "गल्लींत बोललेलं फोनावर कसं रे धुवून काढणार?" मग मी त्यांना स्कूटरवर बसवून इन्नंबूरला नेलं. कदिरवेल दुसऱ्याच्या शेतातलं भात वाहून घरी आला होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. मामंजी उभ्यानेच बोलले. ती उलटी पट्टी त्यांनी बरोबर आणली होती, ती दाखवली. हात जोडले. "तू गल्लीत ये. सगळ्यांसमोर सांगतो, दोष माझा."

कदिरवेलने पट्टी हातात घेऊन तिच्यावरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाला, "अय्या, एकदा मी पट्टी न घालता उघडली होती. आत आजीला भोवळ आली होती, आडवं करायचं होतं, घाई झाली. तुम्ही ओरडलात, तेव्हा मला वाटलं, त्या एका वेळेनेच झालं असणार. म्हणून गप्प बसलो. इतके दिवस वाटत होतं, तुमचं घर मीच पोखरलं." आणि तो म्हातारा नसलेला, रडायची सवय नसलेला माणूस पंच्यात तोंड लपवून रडला. दारात उभ्या त्याच्या बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. तिने मुकाट्याने चटई आणून टाकली.

गल्लीत यायला मात्र तो तयार झाला नाही. "त्या जागी पुन्हा उभं राहवणार नाही, अय्या," म्हणाला. मामंजींनी आग्रह केला नाही.

येताना शेतांमधल्या रस्त्यावर ते मागून म्हणाले, "एक वेळ केला, तेंही म्हातारीकरतां, तर अस्कं, सगळं कांहीं, आपल्या डोकीवर घेटला. मी रोज करत होतों. मज एक दिवस शंका आली नाहीं." मी स्कूटर हळू केली.

दुसऱ्या दिवशी कोलमच्या वेळी मामंजी ओट्यावर उभे राहिले आणि तमिळमध्ये मोठ्याने, नाव घेऊन सांगितलं, की कदिरवेलने काही केलं नव्हतं, गाडीची नासाडी मी केली. मग बाकीच्या गाडीवाल्यांच्या दारी जाऊनही तेच सांगून आले. काही जण हसले. एका जमिनीपायी एवढा तमाशा कशाला, म्हणाले. मामंजींनी ते हसू खाली मानेने घेतलं. यंदा त्यांतल्याच एकाने कदिरवेलला कामावर ठेवलं.

पण त्या सकाळी समोरच्या मामींनी हातातलं पीठ झटकत नेमकं विचारलं, "चूक त्याची नव्हती, तर तो उभा राहून ऐकून का घेत होता? नाही म्हणायला तोंड नव्हतं का त्याला?"

खरं उत्तर, कदिरवेलच्या त्या एका वेळेचं, मामंजींना ठाऊक होतं. ते दिलं असतं, तर त्यांची लाज निम्मी झाली असती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"होतं," मामंजी म्हणाले. "मी बोलू दिलं नाही."