भागिरथीचा फोटो

जामखेडला माझा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांनी मला जन्मभर छळलं. डोळे मिटणार तेच, आणि फोटो बिघडवला म्हणून भांडणारही तेच. कोंडीराम मात्र वेगळा. त्याला स्वतःचा फोटो नकोच होता, आपल्या पांढऱ्या बैलाचा हवा होता.

एकाहत्तरच्या पोळ्याला मी त्याच्या वस्तीवर गेलो. बैलाची शिंगं रंगवलेली, पाठीमागे बाजरी उभी. त्याची बायको भागिरथी खाली वाकून बैलाचे पाय धूत होती. त्याआधी तिने गेरूत हात बुडवून बैलाच्या पुठ्ठ्यावर पंजा उमटवला होता. तशी त्यांच्याकडे रीतच होती.

"वहिनी, जरा वर बघा," मी म्हणालो.

कासरा धरून उभा असलेला कोंडीराम हसला. "आज सन बैलाचा हाय. तिचं काय बघायचं? बैल नीट येऊ द्या."

तीही हसली आणि पदर आणखी पुढे ओढला. मी बटण दाबलं. खरं सांगतो, इतका चांगला फोटो मी पुन्हा काढला नाही. बाजरीचं कणीस न् कणीस दिसत होतं.

पुढच्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. बैल बाजारात गेला. दुष्काळी कामावर खडी फोडताना ऊन लागलं आणि भागिरथीही गेली.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा कोंडीराम तोच फोटो फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"हार घालायला फोटू पायजे. ह्यातली ही तेवढी मोटी करून द्या."

मी भिंग लावलं. बैल स्पष्ट, कोंडीरामचं हसू स्पष्ट. भागिरथीच्या जागी नुसता वाकलेला पदर. तिचा दुसरा फोटोच नव्हता.

"कोंडीराम, यात चेहरा नाही रे तिचा."

"मीच म्हनलो हुतो," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

मग उठला. भिंग घेऊन फोटो बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने बैलाच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. गेरूच्या पंजाची करंगळी अर्धीच होती. कापणीत विळ्याने तुटलेली.

"ही तिचीच हाय. ह्यो पंजाच मोटा करा."

"केवढा करू?"

त्याने आपला पंजा टेबलावर पसरला, आणि दुसऱ्या हाताने बोटांची शेवटची पेरं झाकली.

"एवढा. एवढाच हात हुता तिचा."