पेन्शनच्या दिवशीचा चुडा

पेन्शनच्या दिवशी मांडवीची एक बाई सकाळीच आमच्या मागीलदारी यायची. तिचा पहिला नवरा लढाईत, तिकडे इराकात बसऱ्याकडे वारला होता. त्याची पेन्शन तिला कचेरीतून मिळे. पुढे तिने एका खलाशाशी पाट लावला. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होत नसे, त्यांच्यात होई. पण पाट लावला की पेन्शन बंद, असा सरकारी नियम होता. म्हणून ती आमच्या विहिरीवर कपाळाचं कुंकू धुवायची, आणि आई तिच्या हातांना खोबरेल चोळून हिरव्या बांगड्या उतरवायची. परतल्यावर पुन्हा चढवायची. मी शाळेचं इंग्रजी पुस्तक पुढ्यात धरून बघत असे. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

एकदा ती आली तेव्हा तिला सातवा महिना होता. हात सुजले होते. आईने तेल लावलं, मग साबण लावला. बांगड्या हलेनात.

"फोडूया. संध्याकाळी कासाराकडे नव्या भर."

तिने हात ओढून घेतला. "नको, काकू. तो गलबतावर हाय. माणूस दर्यात असताना काकणं फोडू?"

"इतके दिवस उतरवत होतीस ती?"

"उतरवणं येगळं."

"पोट पदराखाली झाकशील गो, अंगठा कसा देशील?"

"हातावर पण पदर घेते. बघूया."

उन्हात तिला एकटीला सोडायला नको म्हणून आईने मला बरोबर धाडलं. कचेरीत कारकुनाने नेहमीचं विचारलं, "दुसरं लग्न केलं नाहीस ना?" तिने नाही म्हणून मान हलवली. शाईवर अंगठा टेकताना पदराखाली काकणं वाजली.

कारकुनाने वर पाहिलं. "काय वाजलं?"

तिने पदर आणखी पुढे ओढला.

"पदर काढ. कुणाच्या नावाच्या या?"

बहिणीच्या आहेत, आईच्या आहेत, असं काहीही तिला सांगता आलं असतं. मी मनात दोन-तीन उत्तरं तयारही केली होती. ती म्हणाली, "गलबतावर हाय त्याच्या."

त्याने शाईची डबी मिटली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "काकूंना सांग, तेल फुकट गेलं."

वाटीतलं उरलेलं तेल आईने त्या दुपारी माझ्या केसांना लावलं. गलबत पावसाळ्याआधी बंदराला लागलं. पेन्शन मात्र गेली ती गेलीच. बाळंतपणानंतर ती घरोघर काथ्याचं सुंभ विकू लागली. आमच्याकडे आता पुढच्या दाराने यायची.