तेरा वीत अस्तर

गोधडी घालताना टेप काढायचा नाही, असा आमच्या मायचा नियम आहे. टेप शिंप्याचा, वीत आपली, असं ती म्हणते. वरचा ठिगळांचा पदर अकरा वीत लांब आणि खालचं अस्तर तेरा वीत. दोन्ही टोकांना एकेक वीत जास्तच ठेवायची, कारण धावदोरा घालता घालता कापड आत ओढलं जातं, आणि जे उरतं तेच वर दुमडून गोट घालायचा असतो. अस्तर कमी पडलं की गोधडी कडेनं उघडी पडते. हे गणित मी बहुतेक पाळण्यातच ऐकलं.

गेल्या दिवाळीनंतर मी नंदुरबारहून गावी गेले ती तिला गोधडीला हातभार लावायला. गाव प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या अलीकडे, माय तिथं एकटी राहते. माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाळाला पणजीच्या हातची गोधडी हवी, असा तिचाच हट्ट होता. वरचा पदर मायनं उन्हाळ्यातच जोडून ठेवलेला. अस्तर मी पोचायच्या आधीच कापून, दोन फाळके मधोमध शिवून तयार. ते आमच्या मोठ्या मावशीचं हिरवं पातळ होतं, घरात तिचं एवढंच उरलेलं.

ओसरीत अस्तर अंथरलं, त्यावर जुन्या साड्यांचे थर लावले, वर पदर टाकला. पदर अस्तराच्या बाहेर चार बोटं आला.

‘माय, अस्तर कमी पडनं,’ मी म्हणाले.

‘कसं कमी पडी? तेरा वीत मोजीसन कापेल शे मी.’

दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण मायचं अस्तर कधी कमी पडत नाही. गावातल्या बाया आपलं कापड तिच्याकडून कापून नेतात. मला लगेच मावशी आठवली.

मावशीचंही असंच सुरू झालं होतं. ती मायची सख्खी मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. आधी वरणात दोनदा मीठ पडलं, ते कोणी मनावर घेतलं नाही. मग तिनं एका पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. सगळे हसलो, तीही हसली. त्यानंतर प्रकाशाच्या घाटावर, जिथं ती जन्मभर गेली, तिथंच पायरीवर बसून तिनं मायला विचारलं, ‘तू कोन शे वं?’ शेवटी शेवटी माय तिला घास भरवायची आणि ती मायकडे बोट करून मला म्हणायची, ही बाई चांगली आहे.

आता तिच्याच पातळावर मायचा हात चुकला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागे तर मावशीच येऊन उभी राहिली.

दुसरी भीती भावाची. तो सुरतेला असतो. घराला कुलूप लावून मायला तिकडे न्यायचं, हे त्यानं कधीच ठरवलंय. फक्त निमित्त हवं. माय म्हणते, चौथ्या मजल्यावर मी गोधडी कुठं वाळत घालू आणि कोणाशी भांडू? अस्तराचं त्याला कळलं असतं, तर तो त्याच आठवड्यात गाडी घेऊन आला असता. आणि खरंच तिचं डोकं जात असेल, तर त्याला न सांगणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप तिला तपासायला लागले. सकाळी भाजी कसली केली होती? गिलक्याची. शेजारच्या धाकट्या सुनेचं माहेर कुठलं? नवापूर. सगळं बरोबर. पण मावशीही आधी सगळं बरोबरच सांगायची, त्यामुळे मला बरोबर उत्तराचंही भय वाटायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती.

‘माय, आज कोनता वार शे?’

तिनं ठिगळ सांधता सांधता सुई खाली ठेवली. ‘मन्ही परीक्षा ली ऱ्हायनी का?’

ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे भरून आले.

‘माले बी भेव वाटी ऱ्हायनं,’ ती म्हणाली. ‘रातभर तेच मोजी ऱ्हायनी व्हती. मावशीनासारखं तं नही ना व्हयी ऱ्हायनं? भाऊले सांगू नको.’

इतका वेळ भीती माझी एकटीची आहे असं मी समजत होते. तिचीही तीच आहे म्हटल्यावर मी अस्तर तिच्यापुढे ओढलं.

‘माय, मन्हा समोर मोज,’ मी म्हणाले.

तिनं अस्तराच्या टोकाला अंगठा टेकवला आणि मोठ्यानं मोजू लागली. मी आकड्यांवर कान लावून बसले. एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. तेरा म्हटलं तेव्हा करंगळी बरोबर दुसऱ्या टोकावर होती.

मग मी मोजलं. माझा हात थेट तिच्यावर गेलाय. लहानपणी तळव्याला तळवा लावून तिनंच तो वाढवला, असं ती गमतीनं सांगते. माझी अकरावी वीतसुद्धा पुरी भरली नाही.

मी तिचा उजवा हात ओढून घेतला आणि माझ्या तळव्याला लावला. तळवा तेवढाच होता. पण अंगठा आणि करंगळी एकमेकांपासून लांब जातच नव्हती. पावसाळ्यात धुण्याच्या दगडावर ती पडली होती, शहाद्याच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं पूर्वीसारखी उघडेनात, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पदर उन्हाळ्यातल्या वितीनं झालेला, अस्तर आत्ताच्या. हात आखडला होता आणि आम्ही दोघी डोक्याला भीत होतो.

मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही. माय मात्र आधी खेकसली, ‘मंग आते काय, पातळ वाया गयं?’

पातळाचा शेवटाकडचा तुकडा शिल्लक होता. कमी पडलेल्या फाळक्यांना तो खालून जोडायचा, शिवण सपाट दाबायची आणि ती बाजू पायाकडे ठेवायची. तोंडाशी जोड टोचतो. तिनं तुकडा लावून दिला, मी शिवला. मग ती अस्तरापासून जरा मागे सरकून बसली.

‘आते तू मोज. तुन्ही वीत.’

मी मोठ्यानं मोजायला लागले. तिचा मिटलेला हात तिच्या मांडीवर होता. नवव्या वितीला माझं लक्ष त्या हाताकडे गेलं आणि पुढचा आकडाच आठवेना. मी अंगठा तिथंच दाबून धरला.

माय भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

‘धा,’ ती म्हणाली.