शिलालेखावरचा ऑइल पेंट

शेजारी सकाळपासून गेट रंगवतायत. ऑइल पेंटचा वास आला की मला शिरोळकडचा तो जुना जैन मठ आठवतो आणि डोकं फिरतं.

पूर्वी मुनी राहायचे त्या दगडी खोल्यांपैकी एकच शिल्लक होती आणि तिच्या दारावर मठाला दिलेल्या जमिनीचा शिलालेख. वाचण्यासाठी लेखाचा कागदावर ठसा घ्यायला येतोय असं आम्ही अभ्यासकांनी आधी कळवलं, तिथंच घोळ झाला. जाऊन बघतो तर लेख पिवळाधमक, अक्षरं बुजलेली, रंग अजून बोटाला लागत होता.

"पावणं येणार म्हटल्यावर तसंच काळं ठेवायचं व्हय?" मठ सांभाळणारे आण्णा म्हणाले. "रंगाचे दोन हात मारल्यात की."

"आण्णा, आम्हाला ते वाचायचं होतं."

"मग वाचा की. आता कसं चकचकीत दिसतंय."

परतताना एसटीत मी बोटाला लागलेला पिवळा रंग खरवडत बसलो.

आता तिथं संगमरवरी मठ उभा आहे. बाकीचे कोरीव दगड फोडून त्याच्या पायात भरले. हा लेखाचा दगड तेवढा वाचला, कारण रंगवलेला दगड म्हणजे देवाचा, त्याच्यावर घण घालायला कुणी तयार होईना. मागच्या महिन्यात बघून आलो. पिवळ्याचा आणखी एक हात मारलाय. अक्षरं आत सुखरूप आहेत, आणि मला अजून वाचता आलेली नाहीत.