माझ्याच संघावर उचललेला झेंडा

भोपाळच्या पिपलानीत काही जुनी माणसं मला अजून ‘झंडा साहब’ म्हणतात. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला गेल्यावर. सोबत कोणी नवा माणूस असला तर लगेच ओळख करून देतात, "इन्होंने अपनी ही टीम का गोल कैंसिल करवा दिया था. ऐसे लोग अब कहाँ!" मी मान खाली घालतो आणि लोकांना तो विनय वाटतो. तो विनय नाही. ऐंशी कधीच ओलांडली आहेत, बायको जाऊन चार वर्षं झाली. तिलाही जे सांगितलं नाही ते आता लिहून टाकतो.

मी नाशिकचा. पंचविशीत इथल्या कारखान्यात तपासणी विभागात लागलो. त्या काळी टाउनशिपमध्ये प्रत्येक ब्लॉकचा फुटबॉल संघ असायचा. पाऊस थांबून मैदानाची काळी माती जरा घट्ट झाली की साखळी सामने सुरू व्हायचे. जनरल शिफ्टचा भोंगा झाला की आम्ही सायकली हाणत थेट मैदानावर. कडुलिंबाखाली पँटी उतरवून चड्ड्या चढवायच्या, डबे सायकलच्या हँडलला तसेच लटकलेले. कप्तान एक बंगाली वेल्डर होता, सगळे त्याला दादा म्हणायचे. दादाचा खेळ बेताचा, पण आवाज असा की गोलकीपरला चेंडूपेक्षा त्याची भीती जास्त. सामना जिंकलो तर पिपलानी बाजारात समोसे, हरलो तरी समोसे, फक्त दादाच्या शिव्यांबरोबर.

जर्सीचा संच एकच होता. आठवड्याला एका घरानं अकराच्या अकरा धुऊन, इस्त्री करून आणायच्या, अशी पाळी लावलेली. मी उजव्या कडेनं राइट आउट खेळायचो, सात नंबर. सहा वर्षं तो नंबर माझ्याकडे होता, आणि आमच्याकडे पाळी नसली तरी बायको माझी जर्सी वेगळी मागवून घ्यायची. दुसऱ्यांच्या बायका कॉलर नीट घासत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी एकतीस वर्षांचा असताना ग्वाल्हेरहून एक मराठी मुलगा ट्रेनी म्हणून आमच्या ब्लॉकमध्ये आला. बावीस वर्षांचा, किडकिडीत, बरखेड्याच्या हॉस्टेलात राहायचा. त्याच्या मराठीत निम्मं हिंदी. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "भाऊ, आपण मराठी आहात हे बघून जिवाला बरं वाटलं. हॉस्टेलची डाळ खाऊन माझी हालत खराब झाली आहे." मी त्याला घरी जेवायला नेलं. त्यानं चार पोळ्या खाल्ल्या, पाचवी संकोचत मागितली, आणि बायकोचा तो लाडका झाला. फुटबॉल खेळतो असं कळल्यावर मैदानावरही मीच घेऊन गेलो. दादाला म्हणालो, "अपना लड़का है, देख लो."

दादानं पाहिलं. पहिल्या सरावाच्या संध्याकाळी त्यानं काहीच वेगळं केलं नाही. पण चेंडू पुढे जायच्या क्षणी तो बरोबर निघायचा. एक श्वास आधी नाही, एक श्वास नंतर नाही. बचावातली माणसं वळून बघेपर्यंत हा त्यांच्यामागे पोचलेला. खेळताना तो ओठ थोडे हलवायचा. मी विचारलं तर लाजून म्हणाला, "मोजतो, भाऊ. बॅकचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघतो आणि मोजतो."

मी सहा वर्षांत कुणाचं वजन कुठल्या पायावर आहे हे कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या सामन्यात तो दुसऱ्या अर्ध्यात उतरला आणि दोन गोल केले. दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी दादानं मला कँटीनमध्ये गाठलं. चहा त्यानंच आणला, तेव्हाच मला कळलं.

"सात नंबर उसको दे दे, भाई. तेरा घुटना भी तो दुखता है."

"मेरा घुटना नहीं दुखता."

"दुखेगा," दादा म्हणाला, आणि स्वतःच मोठ्यानं हसला. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो.

जर्सी धुवायची पाळी त्या आठवड्यात आमची होती. क्वार्टरच्या मागच्या दोरीवर अकरा जर्सी वाळत होत्या. बायको सात नंबरची उसवलेली बाही शिवत होती. मी म्हटलं, "राहू दे ती." ती म्हणाली, "अहो, त्याला कोण आहे इथे शिवून द्यायला?" दुसऱ्या सामन्याहून मी परत आलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, "किती केले त्यानं?" सहा वर्षांत तिनं मला ‘जिंकलात का?’ एवढंच विचारलं होतं. किती केले हे विचारायची वेळ मी तिच्यावर कधी आणलीच नव्हती.

बाजारात समोशाच्या टेबलावर दादाशेजारची खुर्ची माझी असायची. आता दादा त्याला हाक मारायचा, "अबे ग्वालियर, इधर बैठ." तो उठून मला जागा द्यायला बघायचा, "भाऊ, आपण बसा ना." त्याचं ते उठणं मला सर्वात जास्त बोचायचं. तो उद्धट असता तर किती सोपं झालं असतं. त्याला माझ्याबद्दल आदर होता, आणि घरी जाऊन मी त्या आदराची नक्कल करून बायकोला हसवायला बघायचो. ती हसत नसे.

तिसरा सामना महत्त्वाचा होता. कारखान्याचा मुख्य संघ दुसऱ्या शहरांत खेळायला जायचा आणि त्याची निवड साखळीच्या पहिल्या तीन सामन्यांवरून व्हायची. क्रीडा अधिकारी मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून वहीत काहीतरी लिहीत बसायचे. सहा वर्षं मी त्या खुर्चीसमोरून धावलो होतो आणि त्यांनी माझं नावही विचारलं नव्हतं. ग्वाल्हेरवाल्याबद्दल दोन्ही सामन्यांनंतर त्यांनी दादाला बोलावून चौकशी केली. मुख्य संघ हे त्या मुलाचं एकच वेड होतं. आमच्या ओट्यावर बसून तो बायकोला म्हणाला होता, "वहिनी, एकदा ती निळी जर्सी घालून ग्वाल्हेरच्या मैदानावर खेळलो, की मग काहीही होऊ दे."

साखळीच्या सामन्यांना बाहेरचे लाइन्समन मिळत नसत. दोन्ही संघांनी आपला एकेक माणूस द्यायचा. रेफ्री प्रत्येकाला त्याचाच संघ चढाई करतो त्या अर्ध्यात उभा करायचा. त्यामागे हिशेब होता. आपल्या संघाचा ऑफसाइड माणूस एखाद्यानं सोडून दिला तर रेफ्री स्वतः बघून घेई. पण आपल्याच संघावर झेंडा वर गेला तर त्यावर शंका घ्यायचं कारणच नाही. कोण आपल्याच माणसाचा गोल घालवेल? त्या दिवशी दादानं झेंडा माझ्या हातात दिला.

सामना संपायला थोडा वेळ होता, गोल कोणाचाच नव्हता. समोरच्या संघाचा लेफ्ट बॅक आधीच्या धडपडीत पडला होता आणि स्वतःच्या गोलपोस्टजवळ बसून पोटरी चोळत होता. मैदानाच्या आत, गोलरेषेपासून दोन हातांवर. खेळ चालूच होता. दादानं मैदानाच्या मध्यातून लांब चेंडू टाकला आणि ग्वाल्हेरवाला निघाला. शेवटच्या उभ्या बॅकच्या दीड पाऊल पुढून निघाला, पण तो बसलेला माणूस आणि गोलकीपर दोघंही त्याच्या पुढे होते. पुढे समोरच्या संघाचे दोन जण असले की ऑफसाइड होत नाही, म्हणजे तो ऑफसाइड नव्हता, अजिबात नव्हता. बाकी सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते. रेषेवरून मी एकटा सगळं बघत होतो. इतकं स्पष्ट मला मैदानावर आधी कधी दिसलं नव्हतं.

त्यानं कीपरला चकवून चेंडू जाळीत घातला. आमची पोरं ओरडत त्याच्याकडे धावली. मी क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते वहीत लिहीत होते, आणि हसत होते.

मी झेंडा वर केला.

तो मी भावनेच्या भरात उचलला असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. गोल आणि झेंडा यांच्यामध्ये चांगले दोन-तीन श्वास गेले. उचलला तर काय होईल हे मला ठाऊक होतं. रेफ्रीनं वळून पाहिलं, शिट्टी वाजवली, गोल रद्द. दादा अंगावर धावून आला, "पागल हो गया क्या?" मी म्हणालो, "दादा, आगे था वो." दादा थांबला. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं स्वतःच मागे वळून ग्वाल्हेरवाल्याला शिवी घातली, "जल्दी क्या थी तेरे को?"

बसलेला लेफ्ट बॅक एव्हाना उठून लंगडत पुढे आला होता. सामना बरोबरीत सुटला. समोरच्या संघाचा कप्तान, शहरातला मूळ भोपाळी, मला मिठी मारून त्याच्या बोलीत म्हणाला, "को खां, तुमने तो दिल जीत लिया. हम होते तो आँख मूँद लेते."

ग्वाल्हेरवाला सगळ्यांच्या शेवटी आला. डोळे लाल होते. "माफ करा, भाऊ," तो म्हणाला. "मला वाटलं मी बरोबर निघालो. आपण पाहिलं ते ठीकच असणार."

मुख्य संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. खेळ चांगला पण घाई करतो, ऑफसाइडचं भान नाही, असं साहेब म्हणाल्याचं दादानं सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो. वाईट वाटायला लागलं ते पुढच्या सामन्यापासून. चेंडू जायचा, आणि तो अर्धं पाऊल थांबून माझ्याकडे, रेषेकडे, बघायचा. ओठ हलायचे, पण पाय निघत नसत. निघायचा तोवर बॅक वळलेला असायचा. दादा ओरडून थकला. पुढच्या वर्षीही तो निवडला गेला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं खेळणं सोडलं. सात नंबर माझ्याकडे परत आला. मी तो आणखी तीन वर्षं घातला.

आणि माझं नाव झालं. कँटीन कमिटीत मी, सोसायटीच्या निवडणुकीत मतपेटीशेजारी मी, दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून भांडण झालं तर टेप घेऊन मापायला मी. ‘झंडा साहब ने देखा है’ म्हटलं की वाद संपायचा. निवृत्तीच्या समारंभात ती गोष्ट सांगितली गेली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

गेल्या हिवाळ्यात टाउनशिपच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार झाला. तीच गोष्ट पुन्हा, आणि तो पुन्हा टाळ्या वाजवत होता, आता पांढऱ्या केसांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात पेपर वाचत होता. चहा नको म्हणालो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. लेफ्ट बॅक गोलपोस्टजवळ बसला होता, मी पाहिलं होतं, तरी झेंडा उचलला.

त्यानं पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "कुठल्या पोस्टजवळ?"

"लांबच्या."

"मैदानाच्या आत?"

"आत."

"म्हणजे मी बरोबर निघालो होतो." त्यानं पेपरची घडी घातली, परत उघडली. "भाऊ, मी माझ्या मुलाला शिकवलं, आपला माणूस चूक दाखवतो तेव्हा ती चूकच असते. पन्नास वर्षं मी..." आतून त्याच्या बायकोनं कोण आलंय म्हणून विचारलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगून काय होणार? काल जे टाळ्या वाजवत होते त्यांना सांगा. मी येतो समोर."

रविवारी सकाळी मैदानाच्या बाकांवर आमची जुनी मंडळी बसतात. मी गेलो. तोही आला, थोडा लांब उभा राहिला. मी हिंदीत सगळं सांगितलं, काही न लपवता. मग एकजण उठून माझा हात हातात घेऊन म्हणाला, "देखा? इस उमर में भी सच बोल रहे हैं. इसी को कहते हैं ईमानदारी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवायलाही सुरुवात केली.

"बस करो!" ग्वाल्हेरवाला ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ईमानदारी नहीं है ये. इन्होंने मेरा गोल चुराया था. जलते थे मुझसे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "हाँ. जलता था."

मग एकानं त्याला विचारलं की दादाचा पास आला कुठून. तो मैदानात उतरला. दादा इथे, उभा बॅक इथे, बसलेला तिथे. चप्पल काढून ठेवून तो निघाला कुठून ते दाखवायला चार पावलं धावलासुद्धा. सगळे बाकांवरून उठून त्याच्याभोवती गोळा झाले. बाकावर मी एकटा राहिलो. लोक त्याच्याकडे बघत होते, तो ओठ हलवत मोजत होता, आणि हेही लिहायलाच हवं, बघता बघता मला त्याचा पुन्हा हेवा वाटला.