भिंगवालीनं हात लावला नाही

सलूनच्या मागच्या खोलीत ती सतरा वर्षं लोकांच्या चामखिळी जाळत होती. डोळ्याला भिंग लावून बसायची, म्हणून सगळे तिला भिंगवालीच म्हणत. बधिर करणारं मलम चोपडायचं, अर्धा तास गप्पा मारायच्या, मग मशीनच्या सुईचं टोक टेकवायचं. चर्र झालं की काम फत्ते. पापणीवरची चामखीळ म्हटली की बाकीच्या मुली मागे सरत. हिचा हात तसूभर हलत नसे.

तीळ मात्र ती भिंगातून फार वेळ बघायची. नवखी असताना तिनं एका शिंप्याच्या पाठीवरचा काळा तीळ असाच हसतखेळत जाळून टाकला होता. वर्षभरानं तो त्याच जागी पुन्हा उगवला. तो कॅन्सर निघाला; डॉक्टरांकडे जाईपर्यंत उशीर झाला, आणि शिंपी गेला. तिला कुणी बोल लावला नाही, पण तिची झोप उडाली ती उडालीच.

एका दुपारी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर, आणि बाईंच्या गालावर मसुराएवढा तीळ.

"हा काढून टाक बाई. फोटोत माझ्याआधी तोच दिसतो."

भिंगवालीनं बघितलं. कड वेडीवाकडी, रंग दोन, एका अंगाला पसरत चाललेला.

"वाढतोय का हा?"

"वाढला असेल थोडा. वय झालं की वाढतंच."

"मग मी नाही हात लावणार. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

बाई तणतणत बाहेर गेल्या. लगेच मालक आत आला. जुन्या मालकिणीचा मुलगा, हिच्यासमोर लहानाचा मोठा झालेला.

"ताई, एवढासा तीळ. दोन मिनिटांचं काम. गिऱ्हाईक कशाला दुखावता?"

"दोन मिनिटांचंच आहे, म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली.

बाई डॉक्टरांकडे गेल्या, तेही हिला खोटं पाडायलाच. डॉक्टरांनाही तीळ बरा वाटला नाही. त्यांनी तो कापून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: काही नाही, निर्धोक. लग्न झाल्यावर बाई सलूनमध्ये हजर. गालावर टाक्यांची लाल रेघ, हातात कागद.

"वाच. आठ दिवस घरात कुणाच्या तोंडात घास उतरला नाही. लेकीच्या लग्नात मी पट्टी लावून फिरले. कुणामुळे?"

भिंगवालीनं कागद सावकाश वाचला. तिचा जीव भांड्यात पडला होता, ते चेहऱ्यावर लपलं नाही.

"फार बरं झालं," ती म्हणाली.

"ताई, बाईंची माफी मागा," मालक म्हणाला.

"त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. पण माफी नाही मागणार. उद्या असाच तीळ समोर आला, तर उद्याही हेच सांगेन."

"मग उद्यापासून येऊ नका."

तिनं भिंग पुसलं, डबीत ठेवलं. खुर्चीच्या पाठीवरचा स्वतःचा टॉवेल घेतला आणि पुढच्या दारानं, आरशांसमोर बसलेल्या सगळ्यांच्या देखत बाहेर पडली.

महिनाभरात तिनं घराच्या पुढच्या खोलीत काम थाटलं. नवरा इलेक्ट्रिशियन; दिवा, मशीन, सगळी वायरिंग त्यानं केली. दारावर पाटी लागली: "चामखीळ काढून मिळेल. तिळाची शंका आली तर हात लावणार नाही."

पहिल्या वर्षी तिनं चौघांना डॉक्टरांकडे धाडलं. तिघं परत येऊन तिच्यावर तोंडसुख घेऊन गेले. चौथी, बेकरीत कामाला असलेली तरुण पोरगी, तिच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. ती पुढे कधी आली नाही. तिच्या आईनं येऊन सांगितलं म्हणून कळलं.

"पाटीवरची खालची ओळ तरी खोड," नवरा एकदा म्हणाला. "लोक वाचून दारातूनच परत जातात."

"जाऊ देत की," ती म्हणाली. आणि पावसानं रंग उडाला, तेव्हा तिनं रंगाऱ्याला ती ओळ आधीपेक्षा ठसठशीत काढायला लावली.